सकाळचं पहिलं पाणी

६ फेब्रुवारी

सूनबाई,

पोचलो. न सांगता निघालो म्हणून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, त्या मला इथून दिसतायत. पण सांगितलं असतं तर तू हातातली बॅग काढून घेतली असतीस आणि ठमीला मांडीवर आणून ठेवलं असतंस. मग मी कुठला निघतोय!

गोष्ट साधी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दीड वर्षाच्या पोरीच्या रक्तात शिसं सापडलंय. आता घरात शिसं आणतो कोण? मी. जन्मभर रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त केल्या, एकेक काच शिशाच्या पट्टीत बसवली, आणि त्या पट्ट्या तुमच्या मागच्या खोलीत बसून कापल्या, तासल्या, झाळून जोडल्या. डॉक्टरीणबाई सभ्य आहेत, माझ्याकडे न बघता बोलल्या. तुम्ही दोघंही माझ्याकडे न बघताच ऐकत होतात. एवढंही कळू नये इतका मी दुधखुळा नाही.

तेव्हा दुखणंच घराबाहेर काढलं. घड्याळजीकडे आहे. माझा शाळेपासूनचा दोस्त, घड्याळं दुरुस्त करतो, तुझ्या लग्नात आला होता तो. त्याच्या घरात इतकी घड्याळं आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. बारा वाजायला लागले की बराच वेळ वाजतच राहतात. म्हणून फोन करू नकोस, मला काही ऐकू यायचं नाही. पत्र लिही.

ठमीचं रक्त पुन्हा तपासतील तेव्हा कळव. आकडा उतरला की माझा जीव भांड्यात पडेल.

बाबा

११ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार पुढच्या पत्रात. आत्ता मी रागात आहे.

ठमीला दुपारी झोपवून बाहेर येते तो काय, तुमच्या गादीची नीट घडी! माणूस गायब. कोणी म्हणालं होतं का जा म्हणून? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही हे खरं, पण समोर असलात तरी कुठे ऐकता?

खोटं बोलत नाही. डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुमच्या खोलीचं दार आलं. आई आहे मी, येणारच. पण दार आलं, तुम्ही नाही आलात. खोलीला कुलूप लावता आलं असतं. तुमच्यासकट कुलूप लावा असं कुणी म्हटलं नव्हतं.

ठमी सकाळी उठते ती थेट तुमच्या दाराशी. दोन्ही हातांनी थापा मारते आणि "आबा, आबा" करते. मग माझ्याकडे असं बघते, जणू मीच तुम्हाला कुठेतरी लपवून ठेवलंय.

घर सकाळी कसं चमत्कारिक शांत असतं. तुम्ही उजाडता उजाडता काम उरकायचात आणि मग स्वयंपाकघरातल्या नळाखाली उभे राहायचात, ब्रशनं कोपरापर्यंत हात घासत, नखंसुद्धा एकेक करून. ठमीला उचलायचं म्हणजे हात लखलखीत पाहिजेत. आम्ही अंथरुणातून ओरडायचो, "बाबा, नळ बंद करा, गावाचं पाणी संपवाल!" आता ओरडायला कोणी नाही. तुमचे चिरंजीव म्हणतात, पाणी वाचतंय. मला मात्र त्या आवाजाशिवाय जागच येत नाही. परवा मी चष्म्याच्या दुकानाचं शटर उशिरा उघडलं, मालकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

बाकी चिरंजीवांचं बरं चाललंय. गेल्या वर्षी हौसेनं बसवलेली ती तांब्याची नळी रविवारी पुन्हा घासूनपुसून चकचकीत केली. पाहुणा आला की चहा नंतर, आधी सिंकखाली वाकून नळी बघायची.

वाचनालयाची गोल खिडकी अर्धी सोडून गेलात. मी तिच्यावर चादर घातली आहे. ती काय आपोआप पुरी होणार आहे?

तुमची
सून

१७ फेब्रुवारी

सूनबाई,

रागावलेलं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. छान रागावतेस.

मी इथे मजेत आहे. घड्याळजी सकाळी चहा करतो, तो मी पितो. मग मी चहा करतो, तो त्याला आवडत नाही. दिवसभर तो भिंगातून घड्याळात बघतो आणि मी त्याच्याकडे बघतो. मजेत आहे. हात धुवायची खोड मात्र सुटत नाही. इथे हाताला काही लागत नाही, तरी उठलं की नळाखाली उभा राहतो. घड्याळजी ओरडतो, "अरे, कातडी तरी ठेव!" म्हणजे तुमची उणीव त्यानं भरून काढली.

माझी खोली उघडू नकोस. फरशी ओल्या फडक्यानं पूस, कोरडा झाडू मारू नकोस, धूळ उडते. ठमीचे हात जेवणाआधी धू. खिडकीचं राहू दे. काच काही नासत नाही.

ठमी दारावर थापा मारते हे लिहायला नको होतंस. बरं झालं लिहिलंस.

बाबा

२० मार्च

बाबा,

महिना झाला, पत्र नाही म्हणून रागावू नका. दुकानात माल मोजायचं काम निघालं होतं.

ठमीला आणखी एक दात आला. आता खुर्चीवर चढते आणि उतरायचं कसं ते माहीत नसल्यामुळे तिथूनच सगळ्यांना हाका मारते. चिरंजीवांना "बाबा" म्हणायच्या ऐवजी "अगं" म्हणते, कारण ते मला तशी हाक मारतात. हसून हसून पुरेवाट झाली.

तिच्या पोटाची काळजी करू नका. दुधाची पावडर कालवायला पाणी चांगलं खळखळून उकळते, वर झाकण ठेवून निववते. सकाळी उठलं की माझं पहिलं काम तेच. नळ सोडला, भांडं भरलं, गॅसवर ठेवलं. तुमच्या सांगण्याप्रमाणे फरशी ओल्या फडक्यानंच पुसते.

कामाच्या धबडग्यात आहे. पुन्हा लिहीन.

सून

२५ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र आलं. त्यात दात आहे, खुर्ची आहे, फरशी आहे. तपासणीचं एक अक्षर नाही.

समजलो. आकडा उतरला. आणि "तुम्ही गेलात आणि पोर सुधारली" असं सासऱ्याला लिहायचं कसं, म्हणून तू इकडचं तिकडचं लिहीत बसलीस. अगं वेडे, याच्यासारखी गोड बातमी मला दुसरी कुठली? संकोच कसला करतेस! घड्याळजीला सांगितलं तर त्यानं बाजारातून मिठाई आणली आणि बरीचशी स्वतःच खाल्ली.

म्हणून एकदाचं ठरवून टाकलं. मी इथेच राहतो. काचेचं काम करणारी एक बाई ओळखीची आहे, हुशार आहे, हात हलका आहे. ती पुढच्या महिन्यात येऊन माझं बाकडं, हत्यारं, पट्ट्या सगळं घेऊन जाईल. खिडकीही तीच पुरी करेल. तिला दार उघडून दे, एवढंच तुझं काम. खोली मग नीट धुऊन रंगवून घ्या, ठमीला खेळायला होईल.

मी येत जाईन अधूनमधून. अंघोळ करून, परीटघडीचे कपडे घालून, पाहुण्यासारखा.

मला वाईट वाटत नाही. पोर धड असली की झालं.

बाबा

२८ मार्च

बाबा,

थांबा. त्या बाईंना कळवा, येऊ नका म्हणून.

आकडा उतरला नाही. चढलाय.

पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि मग चष्मा काढून ठेवला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तुम्हाला कळवायचं कसं? "तुम्ही घर सोडून गेलात, तुमच्याविना घर खायला उठतं, आणि वर पोरीचं आणखी बिघडलं" असं लिहायचं? म्हणून दात आणि खुर्ची लिहिली. तुम्ही त्याचा असा अर्थ काढाल आणि मिठाई खाल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

ठमी दिसायला धडधाकट आहे. खेळते, हसते, ओरडते. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, हे दिसत नाही तोवरच आवरायचं असतं. मेंदूवर जातं. मी तिच्याकडे बघत बसते आणि तिनं एखादा शब्द नीट म्हटला की मोजते, कालच्यापेक्षा जास्त म्हणाली की कमी. असं कोणी आपल्या लेकीकडे बघतं का?

हे रोज एकेक वस्तू उचलून घराबाहेर ठेवतायत. खेळणी, पडदे, जुना पाळणा. कशातही असू शकतं म्हणतात. मला काहीच सुचत नाही, बाबा. तुम्ही हवे होतात इथे.

सून

३१ मार्च

सूनबाई,

माझंच आहे ते. मी गेलो, माझी धूळ गेली नाही. खुर्चीच्या कापडात असेल, खुंटीवरच्या कोटात असेल, गादीत असेल. सगळं बाहेर काढ. कोट जाळ. गादी फेकून दे. खुर्चीचा मोह धरू नकोस, तुझ्या सासूबाईंनी घेतलेली असली तरी. त्या असत्या तर त्यांनीच पहिली काडी लावली असती.

हत्यारांचं नंतर बघू. आधी हे कर. आजच्या आज कर.

मी येत नाही. यायला पाय शिवशिवतायत म्हणूनच येत नाही.

बाबा

१२ एप्रिल

बाबा,

आधी खाली बसा. घड्याळजीकाकांना शेजारी बसवा. आणि मग वाचा, सावकाश.

तुमचं पत्र वाचून तुमची खुर्ची मी अंगणात काढली आणि कोट हातात घेऊन उभी राहिले. काडी लावायचा धीर होईना. कोट तसाच पिशवीत घातला आणि डॉक्टरीणबाईंकडे गेले, म्हटलं, हा जाळू का? त्या म्हणाल्या, "जाळायचं काही नाही, शिशाचा धूर तर मुळीच करू नका. आणि जरा विचार करा. माणूस गेला, खोली बंद झाली, तरी आकडा चढला. मग त्या माणसाच्याच मागे हात धुवून का लागायचं? तुमचं पाणी कोणी तपासलंय का?"

पाणीखात्यातून एक बाई आल्या, पिशवीभर बाटल्या घेऊन. ठमीनं त्यांचं नाव "बाटली" ठेवलं, आणि आता आम्हीही त्यांना बाटलीबाईच म्हणतो. त्यांनी तुमची खोलीही कापसानं पुसून नमुने नेले. मग आम्हाला सांगितलं, रात्री नळाला हात लावायचा नाही, सकाळी जे पहिलं पाणी येईल ते एका बाटलीत भरायचं आणि बरंच पाणी वाहून गेल्यावरचं दुसऱ्या बाटलीत.

काल त्या स्वतः आल्या. म्हणाल्या, पहिल्या बाटलीत शिसंच शिसं आहे, दुसरीत थोडंसं. मग सिंकखाली वाकल्या. तुमच्या चिरंजीवांना वाटलं, नळी बघायला वाकल्या, म्हणून हे कौतुकानं सांगायला लागले, अस्सल तांबं आहे, मी स्वतः निवडली. त्यांनी विचारलं, "आणि ही पुढे कशाला जोडलीय?"

उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत जुनीच नळी आहे, बाबा. शिशाची. प्लंबरनं गेल्या वर्षी घरातली बदलली आणि बाहेरची राहू दिली, कारण रस्ता खणावा लागला असता. नवी तांब्याची सरळ जुन्या शिशाच्या तोंडाला जोडून दिली. बाटलीबाईंनी समजावलं ते असं: दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांना पाणी लागलं की ती एक छोटी बॅटरीच होते. त्यात तांबं ठणठणीत राहतं आणि शिसं झिजतं, झिजून पाण्यात उतरतं. नुसती शिशाची होती तेव्हाही ती चांगली नव्हतीच, पण वर्षानुवर्षांचा थर आत धरून बसली होती. शेजारी तांबं आलं आणि तो थर सुटून शिसं उघडं पडलं. पाणी रात्रभर नळीत उभं राहिलं की त्यात सगळ्यात जास्त उतरतं. आणि उकळून शिसं जात नाही. मी रोज निगुतीनं उकळत होते आणि वर झाकण ठेवत होते!

हे तिथेच फरशीवर बसले.

आता पुढचं वाचा. यासाठी तुम्हाला खाली बसायला सांगितलं.

बाटलीबाईंनी विचारलं, "सकाळी पहिला नळ कोण सोडतं?" म्हटलं, मी, ठमीच्या दुधासाठी. "नेहमी तुम्हीच?" म्हटलं, नाही, फेब्रुवारीपर्यंत तिचे आजोबा सोडायचे. हात धुवायला. "किती वेळ?" मी म्हटलं, "अहो, आम्ही आतून ओरडेपर्यंत! आणि ओरडल्यावरही थोडा वेळ." त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "म्हणजे रात्रभर त्या नळीत बसलेलं सगळ्यात वाईट पाणी ते रोज गटारात सोडून देत होते. मुलीच्या पोटात गेलं ते दिवसभरातलं उरलंसुरलं. ते गेले आणि पहिलं पाणी थेट तिच्या बाटलीत जायला लागलं. त्यांना हे कोणी करायला सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही हो. पोरीला उचलायच्या आधी हात स्वच्छ पाहिजेत, एवढंच त्यांचं म्हणणं."

आणि मग मी रडले, बाबा, त्या अनोळखी बाईंसमोर, हुंदके देऊन. तुम्ही तिला वाचवत होतात. आम्ही तुम्हाला नळ बंद करा म्हणून ओरडत होतो, आणि तुम्ही स्वतःला विष समजून निघून गेलात.

तुमच्या खोलीत बाकड्याखाली थोडं शिसं सापडलं. दाराबाहेर काही नाही. अजिबात नाही. तुमच्या कोटातही नाही, तो मी पुन्हा खुंटीला लावलाय.

दुधाला आणि प्यायला आता बाहेरून पाणी आणतो. बाकीच्यासाठी सकाळी हे स्वतः नळ सोडून उभे राहतात, शिक्षा झाल्यासारखे. रस्ता खणायचा अर्ज दिलाय. हत्यारं न्यायला त्या काचवाल्या बाई आता येणार नाहीत ना? आधी ते कळवा.

सून

१५ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र पुढे घड्याळजीनं वाचून दाखवलं. मध्येच मला चष्म्यातून दिसेनासं झालं. तोही "पोरीला उचलायच्या आधी" याच्यापाशी थांबला आणि म्हणाला, डोळ्यात काहीतरी गेलं. भिंग लावून बघ म्हटलं.

मजेत नव्हतो. आता सांगायला हरकत नाही. एवढे दिवस मी इथे आपल्याच नातीचा मारेकरी म्हणून जेवत होतो. घास घशाखाली उतरायचा नाही, घड्याळजीला वाटायचं त्याच्या हाताला चव नाही. काल दोन ताटं जेवलो. तो म्हणतो, चव आली एकदाची.

अगं, खिडकीत शिशाला तांब्याच्या तारा मीच झाळतो, खिडकी गजांना बांधायला. पण ती उभी असते कोरडी. रात्रंदिवस पाण्यात ठेवल्यावर या दोघांचा असा संसार होतो हे मला कुठलं ठाऊक! त्या बाटलीबाईंना माझा नमस्कार सांग. आणि जोड काढतील तेव्हा फेकू नका म्हणावं, मला बघायचाय.

आमच्या चिरंजीवांना सांग, तोंड पाडून बसू नकोस. पोरीसाठी चांगलं म्हणूनच बसवलीस. आणि बापाला तू घालवलं नाहीस, बाप स्वतःच पळाला. पळणारा कधी कुणाला विचारत नाही.

काचवाल्या बाईंना नको म्हणून कळवलं. चिडल्या. चिडू देत.

पण मी लगेच येत नाही. तू म्हणतेस पाणी, मीही मानतो पाणी. पण एकदा मान खाली घालून तुझ्या घरातून निघालोय. परत आलो, आणि आकडा पुन्हा चढला, तर तसं दुसऱ्यांदा निघण्याची ताकद माझ्यात नाही. आकडा उतरू दे. मग बघ.

बाबा

२ जून

बाबा,

उतरला.

पहिल्यापेक्षाही खाली. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यापुढे धरला आणि मी तो उलटा धरून वाचत होते, त्यांनी सुलटा करून दिला. म्हणाल्या, असाच उतरत जाईल, अधूनमधून तपासत राहू. ठमी धड आहे. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि ठमीला इतकं कवटाळलं की तिनं माझे केस ओढले. मग दुकानात फोन करून सांगितलं, आज शटर तुम्हीच उघडा.

रस्ता खणला. शेजारच्यांनी आधी कटकट केली आणि मग खड्ड्याकडेला उभे राहून आपल्या घराची नळी कसली आहे ते विचारायला लागले. दोन घरांना शिशाचीच निघाली, त्यांचीही काढतायत. आपल्याकडे रस्त्यातल्या मोठ्या नळापासून आतपर्यंत एकच नवी नळी टाकली, प्लास्टिकची, काळी, दिसायला कुरूप. चिरंजीवांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला.

जोड ठेवलाय. तांब्याकडचा भाग अजून चमकतो आणि शिशाच्या कडा आतून कुरतडल्यासारख्या झाल्यात, पांढरी भुकटी धरलीय. आता पाहुणा आला की यांनी चहाच्या आधी हा जोड दाखवायला सुरुवात केली आहे, बरणीत घालून, झाकण घट्ट लावून. सवय काही जात नाही.

अंगणातल्या शेडला खिडकी पाडून घेतली, पूर्वेला. तुमचं बाकडं तिथे हलवलं, हत्यारं जशी होती तशी लावली. तिथे वेगळं बेसिन आहे, कपडे बदलायला आडोसा आहे, शिसं घरात यायचं नाही. गोल खिडकी भिंतीला टेकून उभी आहे, चादरीसकट. वाचनालयवाले दोनदा विचारून गेले. मी सांगितलं, येतायत ते.

काल बाटलीबाई शेवटचे नमुने घेऊन गेल्या. म्हणाल्या, पाणी स्वच्छ आहे, थोडे दिवस सकाळी जरासं सोडा, मग त्याचीही गरज नाही. हेही तेच म्हणतात, आता गरज नाही, बाबांना सांग उगाच पाणी घालवू नका म्हणून.

मी सांगणार नाही. गरज नसेल. मला जाग येत नाही.

रविवारी दुपारच्या गाडीनं या. ठमी दाराशी असेल. शेडमध्ये हात धुवा, मग तिला उचला. आणि सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातला नळ चांगला मोठा सोडा, आम्हाला ओरडायचं आहे.

सून